भर दुपारचें ऊन आणि घरांतला एकच कॅमेरा

छायाचित्रणाचें कोणतेंही पुस्तक उघडावें, तर पहिलाच उपदेश असा आढळतो कीं, निसर्गाचीं चित्रें घ्यावयाचीं तीं सूर्योदयाच्या घटकेस किंवा सूर्यास्ताच्या घटकेस. मधल्या वेळीं कॅमेरा पेटींत ठेवून स्वस्थ बसावें. उपदेश शास्त्रास धरून आहे, त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु तो ज्यानें लिहिला त्याच्या घरीं सकाळीं सहा वाजतां दूध कोण तापवीत होतें, पाणी कोण भरीत होतें आणि मुलांचे डबे कोण बांधीत होतें, याचा उल्लेख त्या पुस्तकांत सांपडत नाहीं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तींत, दहा-बारा माणसांच्या एकत्र घरांत, सकाळचें कोंवळें ऊन ज्याच्या मागें काम नाहीं त्याच्याच वांट्यास येतें. घरच्या सुनेला, शाळेंत जाणाऱ्या मुलीला, कचेरी सांभाळणाऱ्या पुरुषाला जो मोकळा वेळ मिळतो तो रविवारीं जेवणें आटोपल्यावरचा. म्हणजे पुस्तकांनीं जो वर्ज्य ठरविला, नेमका तोच.

मग या मंडळींनीं निसर्गाकडे पाहूंच नये काय? हा लेख त्यांच्यासाठीं आहे. आमच्या घरांत साधन म्हणाल तर एक जुना कॅमेरा, त्याला एकच लेन्स, आणि वहिनींचा फोन. वेळ म्हणाल तर रविवारीं साडेअकरापासून अडीचपर्यंत. एवढ्या भांडवलावर काय करतां येतें व काय करूं नये, हें अनुभवानें व वाचनानें जें ध्यानांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऊन कठोर कां असतें?

प्रथम प्रतिपक्षाची ओळख करून घेऊं. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १७ अंश ४० कलांवर वसलें आहे. त्यामुळें वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास व पुन्हां ऑगस्टच्या २-३ तारखेच्या सुमारास, मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि अंगणांत उभ्या केलेल्या काठीची सांवली तिच्या बुडाशीं गडप होते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेस शहात्तराव्या अंशाजवळ. म्हणून ही मध्यान्ह घड्याळांत बाराला न होतां साडेबाराच्या आगेंमागें होते. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. त्यास खर्च एका काठीचा.

अशा वेळीं उजेड वरून ओतल्यासारखा पडतो. पक्ष्याची पाठ पांढरी फटक होते, पोट काळोखांत जातें, आणि डोळ्याच्या जागीं नुसती खांच दिसते. भर उन्हांत जमिनीवर पडणारा प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास भरतो. शेजारच्याच भिंतीच्या सांवलींत तो दहाव्या हिश्शापर्यंत उतरतो, आणि जुन्या वाड्याच्या माजघरांत तर कांहीं शेंकड्यांवर येतो. आपला डोळा उजेडाकडून सांवलीकडे वळतांना आपली बाहुली लहानमोठी करतो व मेंदू दोन्ही दृश्यें सांधून घेतो. कॅमेऱ्याला ती सोय नाहीं. त्यानें उजेड संभाळला तर सांवली काळी पडते, आणि सांवली संभाळली तर उजेडांतलें सर्व कांहीं पांढऱ्या कागदासारखें कोरें होतें. हल्लींचे फोन एका क्षणांत अनेक चित्रें घेऊन तीं एकत्र जुळवितात व ही तूट थोडीशी भरून काढतात. परंतु पाखरू हललें कीं तीही युक्ति फसते.

हें झालें उन्हाळ्याचें. मार्गशीर्ष-पौषांत हाच सूर्य दक्षिणेकडे झुकतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस भर मध्यान्हींसुद्धां तो क्षितिजापासून सुमारें ४९ अंशच वर असतो. माणसाची सांवली तेव्हां त्याच्या उंचीहून थोडीच कमी भरते. उजेड बाजूनें येतो, पक्ष्याच्या अंगावर गोलाई दिसते, आणि पुस्तकें सकाळच्या ज्या उन्हाची स्तुति करतात त्याचा थोडाबहुत गुण दुपारच्या उन्हांत उतरतो. तात्पर्य, दुपार ही सर्व ऋतूंत एकच नव्हे. ज्यांना दुपारच मिळते त्यांनीं आपलें वर्ष निराळें मांडावें: बाहेरगांवच्या फेऱ्या हिवाळ्यांत कराव्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हां सोलापुरांत पारा चाळिसाच्या वर सहज चढतो, तेव्हां घरचें अंगण, गच्ची व खिडकी यांवर समाधान मानावें. छायाचित्रापायीं घरांत कोणाला ऊन लागलें तर तो छंद नव्हे, अविचार होय.

कठोर उन्हाचा एक गुणही सांगितला पाहिजे. तें श्रीमंत ऊन आहे. फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम असा कीं, लख्ख ऊन असेल तर भिंगाचें भोक एफ-१६ वर ठेवावें, आणि फिल्मच्या संवेदनशीलतेचा जो आंकडा, सेकंदाचा तितकावा भाग पडदा उघडावा. म्हणजे फिल्म १०० ची असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. भोक एफ-५.६ पर्यंत मोठें केलें तर तोच पडदा सेकंदाच्या आठशेंव्या भागांत मिटतो, आणि तेवढ्या वेळांत पारव्याचा पंखही बहुतेक स्थिर दिसतो. पहाटे हेंच साधावयाचें तर मोठ्या किंमतीचें भिंग लागतें. ज्याच्या गांठीं पैसा कमी, त्याला दुपार हात देते.

थोड्या साधनांचा इतिहास

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं कॅमेऱ्यापायीं चांगलाच वाद माजला. थोरल्या चिरंजिवांना लांब पल्ल्याची लेन्स हवी होती. तिची किंमत ऐकून आजोबांनीं सुपारी अडकित्त्यांतच ठेवली. "एवढ्यांत धाकटीचें वर्षाचें शिक्षण होईल," इतकेंच ते बोलले. आम्हांला आजोबांचा पक्ष बरोबर वाटतो, आणि त्यास इतिहासाचा आधारही आहे.

इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंपैकीं चेरी यांनीं १८९२ सालीं लंडनजवळ एका पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लांकडी पेटी, पितळी भिंग आणि कांचेच्या जड तावदानांचें ओझें. दुरून चित्र घेणें शक्यच नव्हतें. म्हणून त्यांनीं पक्ष्यांची संवय व स्वभाव यांचा अभ्यास केला, पोकळ बैल तयार करवून त्यावर कातडें चढविलें आणि त्याच्या पोटांत बसून चित्रें घेतलीं. त्यांच्या छायाचित्रांनीं सजलेलें ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक १८९५ सालीं निघालें. पुढें १९०० सालीं अमेरिकेंत ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीनें 'ब्राउनी' नांवाचा पुठ्ठ्याचा पेटी-कॅमेरा एका डॉलरला विकावयास काढला, आणि छायाचित्रण श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून शाळकरी मुलांच्या हातीं आलें.

आपल्या देशांतील उदाहरण मद्रासच्या एम. कृष्णन् यांचें. १९१२ सालीं जन्मलेल्या या निसर्गलेखकांनीं १९९६ सालीं मृत्यु येईपर्यंत हत्ती, गवे व हरणें यांचीं काळींपांढरीं चित्रें घेतलीं. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून त्यांनीं एक अवजड यंत्र स्वतः उभें केलें होतें आणि त्याला थट्टेनें 'सुपर पॉंडेरोसा' हें नांव दिलें होतें. त्यांच्या चित्रांना रंग नाहीं, चकाकी नाहीं; पण हत्तीचा कळप कसा चालतो, पिलूं कोणत्या बाजूस ठेवलें जातें, हें पाहणाऱ्याला कळतें. यंत्रानें दिलें नाहीं तें त्यांनीं पाहण्याच्या संवयीनें मिळविलें.

पेठेपासून तळ्यापर्यंत

आतां प्रत्यक्ष फेरी. पौषांतील एका रविवारीं आम्ही, वहिनी, नववींत शिकणारी आमची पुतणी व तिचा धाकटा भाऊ असे चौघे शुक्रवार पेठेंतून सिद्धेश्वर तळ्याकडे पायीं निघालों. बरोबर पाण्याच्या बाटल्या, एक पांढरा पंचा, वही-पेन्सिल, वहिनींचा काळा चष्मा आणि वर सांगितलेलीं दोन यंत्रें. निघतांना मातोश्रींनीं हटकलें, "भर उन्हाचें पाखरूंसुद्धां सांवलीला बसतें, आणि तुम्ही कोठें निघालां?" त्यांच्या या वाक्यांत त्या दिवसाचा पहिला धडा होता, तो असा.

दुपारीं पक्षी सांवली धरतात. म्हणून त्यांना शोधावयाचें तें उन्हांत नव्हे, सांवलींत. पेठेंतील बोळ अरुंद, घरें उंच. भर दुपारीं एक बाजू पांढरी व दुसरी निळसर. निळसर बाजूच्या वळचणीखालीं, तारेवर, कोनाड्यांत पारवे, साळुंक्या व चिमण्या डोळे अर्धवट मिटून बसलेल्या आढळतात. सांवलींतला उजेड मऊ व सर्व बाजूंनीं सारखा असतो. समोरच्या उजळ भिंतीवरून तो परतून येतो आणि पक्ष्याचा डोळा स्पष्ट उठतो. मात्र चित्रांत उन्हाचा तुकडा येऊं देऊं नये. आला कीं सर्व तोल बिघडतो. पुतणीनें याच रीतीनें एका पारव्याचें चित्र घेतलें, त्यांत मानेवरचा हिरवा-जांभळा रंग असा उतरला आहे कीं, रोज दारांत दिसणारा पक्षी इतका सुरेख असतो हें घरांतल्या मोठ्या माणसांना प्रथमच कळलें.

दुसरी युक्ति उन्हाकडे पाठ न करतां तोंड करण्याची. वाटेंत पिंपळ लागला. त्याच्या पानांवर ऊन पडलेलें पाहिलें तर नुसती चकाकी. पण झाडाखालीं उभें राहून वर पाहिलें तर प्रत्येक पान हिरव्या कांचेसारखें उजळलेलें, शीर न् शीर मोजतां येईल असें. सूर्य मात्र फांदीआड ठेवावा, कॅमेऱ्यांतून थेट त्याच्याकडे कधींही पाहूं नये. लहान फूल किंवा कोळ्याचें जाळें असेल तर पंचा कामाला येतो. दोघांनीं तो फुलावर ताणून धरला कीं कठोर ऊन गाळून खालीं उतरतें. एका बाजूस उभा धरला तर तोच पांढरा पंचा अंधाऱ्या बाजूस उजेड परतवितो. बाजारांत यासाठीं विकत मिळणाऱ्या वस्तूंची किंमत पाहिल्यावर पंचाविषयींचा आदर दुणावतो.

सिद्धेश्वराचें तळें बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या कार्याशीं जोडलेलें आहे. पाण्यांत देवालय, जवळच भुईकोट किल्ला. पौषांत संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेस येथें मोठी दाटी होते. ते दिवस सोडून जावें. हिवाळ्यांत दुपारीं सूर्य दक्षिणेस असतो, म्हणून शक्य तेथें पाण्याच्या दक्षिणेस उभें राहून उत्तरेकडे पहावें. ऊन आपल्या पाठीशीं येतें व पक्ष्याच्या अंगावर सरळ पडतें. बगळा हा येथला खरा परीक्षक. पांढऱ्या पिसांवर ऊन पडलें कीं कॅमेरा भांबावतो आणि बगळ्याऐवजीं पांढरा डाग हातीं येतो. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर बगळ्यावरच बोट टेकवावें आणि बाजूस सूर्याचें चिन्ह उमटतें तें खालीं ओढावें. पाणी काळें झालें तरी होऊं द्यावें. काळ्या पाण्यावर पिसें न् पिसें उठून दिसतात. येथें दुपारच्या उन्हाचा दोष तोच गुण ठरतो.

पाण्यावरची चकाकी हा दुसरा त्रास. वहिनींचा काळा चष्मा ध्रुवीकरण करणाऱ्या कांचांचा आहे. त्याची एक कांच फोनच्या भिंगापुढें धरून हळूहळू फिरविली, तों एका स्थितींत चकाकी विरली आणि पाण्याखालचे दगड दिसूं लागले. पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांच्या कोनांतून पाहिलें असतां हा परिणाम सर्वांत अधिक होतो, कारण त्या कोनांतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकाच पातळींत कंप पावतात. नववीच्या मुलीला हें पदार्थविज्ञान पुस्तकांत कंटाळवाणें वाटलें असतें. तळ्याकांठीं तिनें तें स्वतः फिरवून पाहिलें.

लांबच्या पक्ष्यांची मात्र हांव धरूं नये. फोनवर बोटांनीं चित्र ताणून मोठें केलें तर पक्षी मोठा होत नाहीं, अस्पष्टता मोठी होते. त्यापेक्षां पाखरूं लहान व तळें मोठें असें चित्र घ्यावें: पायरीवर एकटा धोबी पक्षी, मागें किल्ल्याची भिंत. पक्षी कोठें राहतो हें अशा चित्रांतून समजतें, आणि लांब लेन्सच्या चित्रांत नेमकें तेंच हरवतें.

ज्यांचें राज्य दुपारींच असतें

पक्षी दुपारीं निजतात. पण फुलपाखरें व चतुर यांचा तोच कामाचा वेळ, कारण त्यांचें अंग उन्हानें तापल्याशिवाय पंख चालत नाहींत. पडक्या जागेंतील रुईच्या झुडपापाशीं दहा मिनिटें उभें रहावें. तांबूस-केशरी पंखांचें, टोंकाशीं काळ्यावर पांढरे ठिपके असलेलें फुलपाखरूं तेथें हटकून येतें. त्याची अळी रुईचीं विषारी पानें खाऊन वाढते; तें विष अंगांत मुरल्यानें पक्षी या फुलपाखराच्या वाटेस जात नाहींत, आणि म्हणूनच तें निर्भयपणें सावकाश उडतें. ज्याच्या हातीं फोनच आहे त्याला याहून चांगला यजमान मिळणार नाहीं.

तळ्याकांठच्या काटकीवर बसलेले कांहीं जातींचे चतुर भर दुपारीं शेपटी सरळ आकाशाकडे उभारतात. मुलांना वाटलें, हा कांहीं कसरतीचा प्रकार असावा. खरी गोष्ट अशी कीं, सूर्य डोक्यावर असतांना शेपटीचें टोंक सूर्याकडे केलें म्हणजे अंगावर ऊन कमीत कमी पडतें. काठीची सांवली बुडाशीं नाहींशी होते तेंच तत्त्व या इवल्याशा जिवानें आपल्या बचावाला लाविलें आहे. हें चित्र सकाळीं सांपडणार नाहीं, तें दुपारचेंच.

बाळंतिणीची खोली

आतां जें सांगावयाचें तें सर्व युक्त्यांहून महत्त्वाचें. गेल्या वैशाखांत एका नातलगांच्या शेताकडे जाण्याचा योग आला. बांधाच्या पलीकडे उघड्या माळावर टिटवी ओरडत घिरट्या घालूं लागली. जवळच तिचीं अंडीं असणार हें उघड होतें. टिटवी घरटें बांधीत नाहीं. जमिनीवरील उथळ खळग्यांत मातीच्याच रंगाचीं, बहुधा चार, अंडीं घालते. पुतणी फोन घेऊन पुढें सरसावली. इतक्या जवळून अंड्यांचें चित्र मिळण्याचा प्रसंग रोज थोडाच येतो!

मातोश्री बरोबर होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "पोरी, बाळंतिणीच्या खोलीला पडदा असतो तो काय शोभेसाठीं? मागें ये."

शास्त्र याहून वेगळें सांगत नाहीं. वैशाखांतील दुपारीं टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब देण्यासाठीं नव्हे, तर सांवली देण्यासाठीं. ती पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजविते आणि परत येऊन ओल्या पोटानें अंडीं गार ठेवते. तिला उठविली आणि आपण चित्राच्या नादांत तेथेंच थांबलों, तर तापलेल्या जमिनीवर अंड्यांतील जीव थोड्याच वेळांत होरपळतो. पहाटे घडलेली आगळीक पक्षी कदाचित् सोसतील. दुपारीं तीच आगळीक प्राणांवर बेतते. म्हणून दुपारच्या छायाचित्रकाराचा पहिला नियम असा: पक्षी ओरडूं लागला, पंख लोंबवून लंगडण्याचें सोंग करूं लागला, किंवा चोंचींत चारा धरून घुटमळूं लागला, कीं ज्या वाटेनें आलों त्याच वाटेनें परत फिरावें.

आम्ही बांधाआड बरेंच दूर जाऊन सांवलींत बसलों. कांहीं वेळानें टिटवी खालीं उतरली, इकडेतिकडे पाहत पावलें टाकीत गेली आणि खळग्यावर बसली. पुतणीनें तेथून एक चित्र घेतलें. त्यांत टिटवी तिळाएवढी आहे, आणि तापलेल्या हवेच्या लहरींनीं तीही थरथरल्यासारखी दिसते. मुलीचा चेहरा उतरला होता हें खरें. परंतु तेंच चित्र आज आमच्या घरच्या संग्रहांत आहे व त्याखालीं तिनें स्वतः लिहिलें आहे: "अंडीं सुरक्षित."

या संदर्भांत आणखी एक सूचना. फोन चित्राबरोबर जागेची नोंदही गुपचूप ठेवतो. घरट्याचें चित्र चुकून आपल्या हातीं आलेंच, तर तें नातलगांच्या मेळाव्यांत पाठविण्यापूर्वीं ही नोंद बंद करावी. आपला हेतु चांगला असला तरी पुढें तें कोणाच्या हातीं जाईल हें सांगतां येत नाहीं.

नान्नजच्या माळाची गोष्ट

सोलापूरपासून बार्शीच्या रस्त्यानें सुमारें २० किलोमीटरवर नान्नजचा गवताळ माळ आहे. अशा माळाला आपण पडीक जमीन म्हणतों. झाडें नाहींत म्हणजे कांहींच नाहीं, असा आपला समज. १९७२ सालीं सोलापूरचे एक शिक्षक व पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना या 'कांहींच नाहीं' म्हटलेल्या माळावर माळढोक आढळला. मीटरभर उंचीचा, नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड अशांपैकीं एक. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य स्थापन झालें. कागदोपत्रीं त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतें, पुढें तें पुष्कळ कमी करण्यांत आलें.

एका शिक्षकाच्या डोळ्यांनीं ज्याचा आरंभ झाला त्याची आजची स्थिति मनाला लागणारी आहे. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्रीं वाढलीं. आज साऱ्या देशांत हे पक्षी दीडशेंच्या आसपास उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. सोलापूरच्या माळावर माळढोक दिसणें हा आतां अपूर्व योग झाला आहे. आमची मुलें नान्नजला गेलीं तेव्हां त्यांना काळवीट दिसले, चंडोल दिसला, धाविक दिसला. माळढोक दिसला नाहीं. परत येतांना धाकट्यानें विचारलें, "त्या कुलकर्णी मास्तरांना दिसला, मग आम्हांला कां नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर आमच्या पिढीनें द्यावयाचें आहे.

तरीही माळावर जावें, आणि वनखात्यानें आंखून दिलेल्या वाटेवरूनच जावें. दुपारीं तेथें लांब लेन्स घेऊन आलेला मनुष्य आणि फोन घेऊन आलेला मनुष्य बहुतांशीं सारखेच; कारण तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि दूरचें कोणतेंही चित्र, यंत्र कितीही भारी असो, पाण्यांत पाहिल्यासारखें वितळतें. मग जवळचें पहावें: गवताचें तुरे, मुंग्यांचें वारूळ, वाटेवर उमटलेलीं खुरें. खुरांच्या ठशांना तर तिरपें ऊनच लागतें. हिवाळ्यांतील अडीच-तीनचें ऊन त्यास पुरतें.

चित्राखालची ओळ

आमच्या सोलापुरांत १९३२ सालीं जन्मलेले मारुति चितमपल्ली वनाधिकारी झाले, आणि जंगलांतील त्यांच्या वर्षानुवर्षांच्या टिपणांतून मराठीला पक्ष्यांचा, झाडांचा व रानांतल्या शब्दांचा मोठा ठेवा मिळाला. २००६ सालीं सोलापुरासच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ सालच्या जून महिन्यांत सोलापुरांतच त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या ग्रंथांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. पण छायाचित्रकारानें एक गोष्ट अवश्य घ्यावी, ती म्हणजे नोंद ठेवण्याची संवय.

चित्र कसेंही येवो, त्याखालीं तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करीत होता, हवा कशी होती, एवढें लिहावें. २००२ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्रसंस्थेनें 'ई-बर्ड' ही सार्वजनिक नोंदवही चालू केली. जगांतील कोणीही तींत आपण पाहिलेले पक्षी लिहूं शकतो, आणि अति दुर्मिळ पक्ष्यांच्या जागा तेथें लोकांपासून झांकून ठेवण्यांत येतात. अशा नोंदवहींत सुंदर चित्राला अधिक गुण नसतात. कोणत्या पक्ष्याचें चित्र, कोठें व केव्हां घेतलें, हें खरें असलें कीं पुरे. भर उन्हांत घेतलेलें, काळेंपांढरें फटफटीत चित्रही दहा वर्षांनीं सांगूं शकतें कीं, या तळ्यावर तेव्हां अमुक पक्षी येत असे. आणि दुपारच्या नोंदी थोड्या असतात, कारण जाणकार मंडळी तेव्हां घरीं विश्रांति घेत असतात. ती उणीव भरून काढण्याचें काम रविवारीं दुपारींच ज्यांना सवड होते त्यांच्या वांट्यास आलें आहे.

आमच्या वाचकभगिनींना विशेष विनंति कीं, घरांतील कॅमेरा पुरुषांच्या कपाटांत असेल तर तो मागून घ्यावा. विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव (आतां धर्मवीर संभाजी तलाव), हिप्परग्याचा तलाव, आणि घरच्या शेवग्यावर येणारा सूर्यपक्षी, यांपैकीं कोठूनही आरंभ करतां येईल. एकटीनें न जातां मुलांना बरोबर न्यावें. त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात, आणि कोणत्या वेळीं थांबावें हें त्यांना आपल्या संगतींतच शिकावयाचें असतें. हिवाळ्यांतील एखाद्या रविवारीं भांडीं विसळून झालीं, वडील माणसें आडवीं झालीं, कीं पाण्याची बाटली, एक पंचा, वही आणि घरांतला तो एकच कॅमेरा घेऊन निघावें. ऊन असेल, सांवलीच्या बाजूनें चालावें.